दोन रेघांमधलं अंतर

(दृश्य: पहाटे पावणेपाच. वैनगंगेकाठच्या गावाबाहेरचा डांबरी रस्ता. अंधारातून पावलांचा आवाज जवळ येतो.)

निवेदन:
धानाच्या बांध्यांवर अजून उजाडलेलं नाही. रस्त्यावर मात्र दहा-बारा पोरं धावतायत. डांबरावर चुन्याने मारलेल्या दोन रेघा आहेत. त्यांच्यामधलं अंतर 1.6 किलोमीटर. ते साडेपाच मिनिटांत कापलं की अग्निवीर भरतीत धावण्याचे पूर्ण 60 गुण. बीमवर दहा पुल-अप्स मारल्या की आणखी 40. हे आकडे गावातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत.

सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. यातल्या एकाला मी विचारलं, तुझा सिकलसेलचा पॅटर्न कोणता, म्हणजे रक्तात दोष आहे का? तो म्हणाला, "मले काई होत नाही जी. मी तं रोज धावतो."

(दृश्य: नडगीला फडकं बांधून बसलेला मुलगा.)

निवेदन:
त्याचं बोलणं मला त्या दिवसभर आठवत राहिलं. काही होत नाही म्हणूनच तर तपासणी राहून जाते.

पूर्व विदर्भात सिकलसेल हा शब्द घराघरात ओळखीचा आहे. आई आणि वडील, दोघांकडून सदोष जनुक आलं तर पोर एसएस, म्हणजे आजारी. एकाकडूनच आलं तर एएस, म्हणजे वाहक. वाहक शेतात राबतो, कबड्डी खेळतो, म्हातारा होतो. त्याला आजारी म्हणणं चूकच आहे. पण जीव तोडून केलेली मेहनत, ऊन आणि अंगातलं आटलेलं पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर त्याच्याही काही लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, स्नायू तुटू लागतात आणि त्यातून सुटलेला मळ मूत्रपिंडांवर जाऊन पडतो. लघवी काळ्या चहासारखी होते.

अमेरिकेच्या लष्कराने हे फार मोठी किंमत देऊन शिकलं. 1977 ते 1981 या काळातल्या सुमारे 20 लाख रंगरूटांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांचं कारण सापडलं नाही असे अचानक मृत्यू कृष्णवर्णीय वाहकांमध्ये दर लाखामागे सुमारे 32 होते, वाहक नसलेल्या कृष्णवर्णीयांमध्ये 1 च्या आसपास. पुढे सगळ्यांसाठीच नियम आले: उन्हाच्या मानाने विश्रांती, वेळेवर पाणी, हळूहळू वाढवलेला सराव. 2016 साली सुमारे 48 हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा वाहकांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही. स्नायू तुटण्याचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. म्हणजे सांभाळलं तर पोरं वाचतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

(दृश्य: मैदान. निवृत्त हवालदार शिट्टी वाजवतात. मुलं रांगेत.)

निवेदन:
या पोरांना सराव देणारे फौजी काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पोरगं खाली बसलं का आपण म्हणतो, ऊठ, नाटक करू नको. आम्हालेही असंच शिकवलं होतं."

इथेच घात होतो. उष्माघाताचं पोरगं बहुधा बराच वेळ धावल्यावर पडतं. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. सिकलसेलच्या वाहकाचं तसं नसतं. तो जोरात धावायला लागल्यावर काही मिनिटांतच पाय गळून बसू शकतो. शुद्धीवर असतो, आपल्याशी बोलतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, टाळतोय. त्याच क्षणी थांबवून पाणी दिलं, सावलीत नेलं आणि दवाखाना गाठला, तर तो पुढेही धावू शकेल.

उष्माघाताचं पोरगं असेल तर आधी जागेवरच थंड पाण्याने भिजवायचं, मग गाडीत घालायचं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा ही माहिती शिट्टी वाजवणाऱ्या प्रत्येकाला हवी. उन्हाची सवय व्हायला शरीर दहा ते चौदा दिवस घेतं. भरतीच्या आदल्या आठवड्यात ती कमावता येत नाही.

(दृश्य: टपरीवरून घेतलेल्या गोळ्यांची पट्टी.)

निवेदन:
आणखी एक. नडगी दुखते म्हणून पोरं दुखण्याची गोळी घेऊन धावतात. घाम गाळून कोरड्या पडलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाला मारक ठरू शकते. हाडाला बारीक चीर असेल तर ती वाढतच जाते. एका जागी बोट ठेवलं की कळ येते, रात्रीही दुखतं, असं असेल तर धावणं थांबवून हाडांचा डॉक्टर गाठा. अहो, काही आठवडे गेले तरी वर्ष वाचतं.

(दृश्य: आरोग्य केंद्र. बोटातून रक्ताचा थेंब.)

निवेदन:
सरकारचं राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. पहिली चाचणी बोटाच्या एका थेंबावर होते. ती बहुधा फक्त दोष आहे की नाही एवढंच सांगते. एएस की एसएस, हे पुढच्या तपासणीत कळतं, तेव्हा तिथेच थांबू नका. उद्या बर्फातली पोस्टिंग मिळाली, तर उंचावर वाहकाच्या प्लीहेला, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या अवयवाला, इजा होऊ शकते. डाव्या बरगडीखाली दुखलं तर डॉक्टरला काय सांगायचं, हे त्या पोराला माहीत असायला हवं.

आशाताईंनी चाचणीसाठी ज्यांची नावं लिहिली, त्यात "मले काई होत नाही" म्हणणाराही होता. अहवाल आला: एएस. त्याची आई एकदम घाबरली. "आता भरती गेली का जी?" तिला मी एवढंच सांगू शकलो, पोरगं आजारी नाही. वैद्यकीय तपासणीत विचारलं तर खरं सांगायचं, लपवायचं नाही.

(दृश्य: पुन्हा तोच रस्ता. पहाट. चुन्याच्या रेघा.)

निवेदन:
आज तो आला आहे. कमरेला पाण्याची बाटली. फौजी काकांनी त्याला वेगळं केलं नाही, सगळ्यांचाच सराव बदलला. आधी दहा मिनिटं सावकाश, मग तीनदा थोडं जोरात, मधे थांबून दोन घोट. दुसऱ्या फेरीनंतर तो हात वर करतो.

काका शिट्टी वाजवत नाहीत. त्याच्याजवळ जाऊन उकिडवे बसतात आणि विचारतात, "पाय भरले का रे बापू?"