निकेलवर चालली, बॉक्साइटवर फसली: इंडोनेशियाच्या निर्यातबंदीचा हिशोब

नमस्कार. १२ जानेवारी २०१४ या दिवशी इंडोनेशियाने कच्चं निकेल आणि कच्चं बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज), दोन्हींची निर्यात थांबवली. आधार एकाच कायद्याचा, २००९ च्या खाण कायद्याचा: खनिज देशातच शुद्ध करा, मगच बाहेर पाठवा. आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल इंडोनेशियाच्या खाणींतून निघतं आणि तिथल्याच भट्ट्यांत वितळतं. बॉक्साइटचं काय झालं? चिनी कारखान्यांनी गिनी, मलेशिया आणि ऑस्ट्रेलियाकडून माल उचलायला सुरुवात केली.

आपल्याकडे "कच्चा माल परदेशात का जातो?" असा वाद निघाला की इंडोनेशियाच्या निकेलचं उदाहरण हमखास येतं. बॉक्साइटचं कोणी काढत नाही. म्हणून आज दोन्ही शेजारी ठेवून बघू.

आधी वजनाचा हिशोब. इंडोनेशियाच्या सुलावेसी आणि हालमाहेरा बेटांवर निकेल लाल, ओल्या मातीत असतं. त्या मातीत साधारण ३५ टक्के पाणीच असतं. म्हणजे १ टन मातीतले ३५० किलो पाणी. उरलेल्या ६५० किलोत निकेल १.८ टक्के धरलं, तर हाती येतं ११.७ किलो. बाकीचे ९८८ किलो आपण जहाजाचं भाडं भरून चीनला पोचवतोय. भट्टी खाणीजवळ असली तर हा सगळा खर्च वाचतो. बॉक्साइटमध्ये ही बचत फार कमी आहे. साधारण अडीच टन बॉक्साइटपासून १ टन अ‍ॅल्युमिना, म्हणजे शुद्ध केलेली पांढरी पूड, मिळतो, आणि २ टन अ‍ॅल्युमिनापासून १ टन अ‍ॅल्युमिनियम. बंदरापलीकडे नेऊन शुद्ध केलं तरी परवडतं.

(पडद्यावर भट्टीची आकृती.)

आता प्रक्रिया बघा, कारण खरी गोम इथे आहे. माती आधी वाळवायची. मग ती कोळशासोबत फिरत्या भट्टीत ८००-९०० अंशांना भाजायची. तिथून विजेच्या भट्टीत, १५०० अंशांच्या आसपास. बाहेर पडतं निकेल पिग आयर्न, म्हणजे दहा-बारा टक्के निकेल असलेलं लोखंड. शुद्ध निकेल वेगळं काढत बसायची गरजच नाही, कारण स्टेनलेस स्टीलला लोखंड आणि निकेल दोन्ही लागतात. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये किमान ८ टक्के निकेल असतं. शेजारीच स्टीलचा कारखाना असेल तर वितळलेला धातू गरम असतानाच तिकडे ओतता येतो, पुन्हा तापवायचा खर्च नाही. मध्य सुलावेसीतल्या मोरोवाली औद्योगिक वसाहतीत हेच चालतं.

ही भट्टी इंडोनेशियाने शोधली नाही. चीनच्या त्सिंगशान कंपनीचा त्यात हात बसलेला होता आणि तिचं स्टील याच मातीवर चालायचं. दुसरा विक्रेता फिलिपिन्स, पण तिथल्या मातीत निकेल कमी, आणि पावसाळ्यात सुरिगावच्या खाणींतून जहाजं भरणं थांबतं. म्हणून बंदी लागू होण्याआधीच, २०१३ मध्ये, मोरोवालीचा करार झाला. बंदीला जोर होता तो गिऱ्हाईक अडलेलं होतं म्हणून. बॉक्साइटचं गिऱ्हाईक अडलेलं नव्हतं.

तरीही सरकार मध्येच डगमगलं. जानेवारी २०१७ मध्ये १.७ टक्क्यांहून कमी निकेलची माती, स्मेल्टर, म्हणजे खनिज वितळवायचे कारखाने, बांधणाऱ्यांना काही काळ निर्यात करायची मुभा दिली. ही मुभा २०२२ पर्यंत होती, पण २०१९ मध्ये निर्णय फिरला आणि १ जानेवारी २०२० पासून पूर्ण बंदी आली. शेकडो कोटी डॉलरची भट्टी बांधणाऱ्यासाठी असे फेरबदल जीवघेणे असतात. आमच्या मते या धोरणातली सगळ्यात मोठी चूक हीच.

आता बिल कोणी भरलं ते पाहू. पहिला, खाणवाला. निर्यात बंद, म्हणजे माल घेणारे फक्त स्थानिक स्मेल्टर. भाव इतके दाबले गेले की २०२० मध्ये सरकारला किमान दर ठरवून द्यावा लागला. दुसरी, तिजोरी. ३० लाख कोटी इंडोनेशियन रुपिया किंवा त्याहून जास्त गुंतवणूक असेल तर २० वर्षांपर्यंत आयकर माफ. तिसरे, तिथले कामगार आणि किनारा. विजेच्या भट्ट्यांसाठी वसाहतींनी स्वतःचे कोळशावरचे वीजसंच उभे केले. २४ डिसेंबर २०२३ ला मोरोवालीतल्या एका स्मेल्टरमध्ये दुरुस्तीच्या वेळी स्फोट झाला, त्यात २१ कामगार गेले. निर्यातीचा आकडा कितीही मोठा दिसला तरी त्यातून परदेशी मालकाचा नफा आणि आयात केलेली यंत्रं वजा केल्याशिवाय तो वापरू नये. मंत्री मात्र तोच आकडा सांगतात.

आणि पुरवठा इतका वाढला की २०२३ मध्ये निकेलचा भाव जवळपास निम्म्यावर आला. ऑस्ट्रेलियात बीएचपी या खाण कंपनीने आपलं निकेलचं काम थांबवलं. इकडे इंडोनेशियाच्या भट्ट्यांना घरची माती पुरेना, म्हणून २०२४ मध्ये फिलिपिन्सहून सुमारे १ कोटी टन आयात झाली.

मुक्त व्यापाराच्या नियमांचं काय? युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या कलम ११ नुसार निर्यातीवर बंदी घालता येत नाही. शुल्क लावता येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला. इंडोनेशियाने अपील केलं. पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या. निकाल लटकला, बंदी चालू राहिली.

शुल्काचा मार्ग भारताने वापरून पाहिला, हेतू मात्र वेगळा होता: देशातल्या स्टीलचे भाव खाली आणायचे. मे २०२२ मध्ये लोहखनिजावर ५० टक्के निर्यात शुल्क लागलं. लोहाचं प्रमाण ५८ टक्क्यांखाली असलेल्या, म्हणजे गोव्यातल्यासारख्या खनिजालाही ते लागलं. या खनिजाला देशातल्या कारखान्यांत फारसं गिऱ्हाईक नाही, ते जातं चीनला. भट्टीकडे वळायच्या ऐवजी माल पडून राहणार हे उघड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कमी प्रतीच्या खनिजावरचं शुल्क काढावं लागलं.

इंडोनेशियाने मात्र जून २०२३ मध्ये बॉक्साइटवर पुन्हा बंदी घातली. आणि फिलिपिन्सच्या संसदेत निकेलसाठी तशीच बंदी येऊ घातली होती. खाणवाल्यांनी दोन गोष्टी पुढे ठेवल्या: आमची वीज महाग आहे, आणि बंदी लागू होईपर्यंत भट्ट्या उभ्या राहणार नाहीत. जून २०२५ मध्ये ते कलम विधेयकातून वगळलं गेलं.