दसऱ्याचा रंग आणि भिंतीतली ओल

(दृश्य : भिंतीचा खालचा फूटभर भाग. रंगाचे पोपडे सुटलेले, आत पांढरी भुकटी.)

मराठवाड्यात घराला रंग द्यायचा तो दसऱ्याच्या आधी. घटस्थापनेपूर्वी घर झाडून-धुऊन काढायचं, त्यातच रंगाचंही उरकायचं. अडचण एकच. चार महिन्यांचा पाऊस तेव्हा भिंतीत मुरलेला असतो. भिंत वरून कोरडी दिसते, म्हणून रंग बसतो. आणि ओल बाहेर पडायला लागली की त्याला फोड येतात.

भिंतीचं खरं-खोटं कळायला फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद पुरतो. चारही कडा चिकटपट्टीने बंद करून तो भिंतीला लावा आणि एक दिवस राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर दसरा तसाच जाऊ द्या. हात घालायचा तो नोव्हेंबर सरताना, थंडीच्या कोरड्या हवेत. नव्या गिलाव्याला तर ऋतू कोणताही असो, किमान २८ दिवस द्यावेच लागतात.

(दृश्य : खरवडलेली भिंत, बोटाच्या टोकावर पांढरी पूड.)

ही पूड म्हणजे खार. विटेतले, वाळूतले, जमिनीतले क्षार पाण्यासोबत वर चढतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाला आतून ढकलतात. त्यावर पुट्टी, म्हणजे भिंत सपाट करणारा सिमेंटचा लेप, चोपडली की वर्षभराने तीच पूड पुन्हा हातात. खार कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतला तर विरघळून परत आत जातो. आणि पाणी येतंय कुठून, ते आधी शोधायचं : मोरीचा पाइप, गच्चीची भेग, की भिंतीला लागून साचणारं सांडपाणी.

काळ्या जमिनीवरच्या घरांचं दुखणं आणखी वेगळं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करा, मधलं अंतर मोजून तारखेसह लिहून ठेवा. अंतर बदलत असेल तर भेग जिवंत आहे. तिच्यात पुट्टी टिकत नाही, कारण पुट्टी ताणली जात नाही. पत्र्याच्या टोकाने भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी उकरा, धूळ काढा आणि लवचीक अ‍ॅक्रेलिक क्रॅक फिलर भरा. भेगेत करंगळी शिरत असेल तर रंगाचं सोडा, इंजिनिअरला बोलवा.

जुन्या भिंतीवर तळहात फिरवा. हात पांढरा झाला, म्हणजे चुन्याचे थर आहेत. ते भिजवून खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नका. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरातल्या मातीच्या भिंतीला मात्र इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा प्लास्टिक रंग, लावूच नये. तिला श्वास लागतो. चुना किंवा पांढरी मातीच बरी.

आता हिशेब. खोली १० बाय १२, उंची १० फूट. चार भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ४००. पुट्टीचे दोन हात, म्हणजे दोन थर, धरून ४० किलोची एक गोणी, आणि दोन हातांना सुमारे ४ लिटर इमल्शन. छताचा पांढरा सव्वा लिटर वेगळा.

(दृश्य : घमेल्यात पुट्टी कालवणारे हात.)

एक किलो पुट्टीला साधारण ४०० मिली पाणी. बोअरचं खारं पाणी नको, त्यातून क्षार आपणच भिंतीत घालतो. कालवून दहा मिनिटं ठेवा, पुन्हा घोटा, आणि दोन-तीन तासांत संपेल एवढीच करा. आधी भिंत वाळवा म्हटलं, आता मात्र पुट्टीआधी तिच्यावर पाण्याचा हलका शिपका मारा. पुट्टीतल्या सिमेंटला पकड धरायला पाणी लागतं. एप्रिलच्या उन्हात तापलेली भिंत ते ओढून घेते आणि पुट्टी हाताला लागते. पंखाही बंदच. दोन्ही हात मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नको.

रात्रभर वाळू द्या, मग १८० नंबरचा पॉलिश पेपर. तोंडाला मास्क हवाच. घासून झालं की खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च लावून तो भिंतीला टेकवून आडवा धरा.

(दृश्य : तिरक्या उजेडात भिंतीवरच्या सावल्या.)

दिवसा सपाट वाटलेली भिंत अशी दिसते. हे खड्डे आत्ताच भरा. रंगाने ते झाकत नाहीत, उलट उठून दिसतात. धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि प्रायमरचा एक हात द्या. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं, तेच खरं.

रंग वरून खाली : आधी छत, मग भिंती. एकाच शेडचे दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र करा, नाहीतर भिंतीच्या मधोमध फरक दिसेल. कोपरे दोन इंची ब्रशने काढायचे आणि ती कड ओली असतानाच रोलर भिडवायचा. कड वाळली की पट्टा उमटतो. इथल्या उन्हात ती फार लवकर वाळते, म्हणून एका वेळी एकच भिंत, आणि तीही सकाळी. दोन हातांमध्ये चार तास जाऊ द्या.

दारांवरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासूनची. दार त्याआधीचं असेल तर ओला पेपर वापरा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

उरलेला रंग छोट्या बरणीत काठोकाठ भरा. झाकणावर शेडचा नंबर, खोली आणि तारीख लिहा. पुढचा पावसाळा सरला की कुठेतरी एखादा डाग झाकावा लागणारच.