डेंग्यूचा ताप उतरला, आता लेकराच्या हृदयाकडं बघा

लातूर, बीड, जालना, कुठंबी जा, नळाला रोज पाणी नाही, मग अंगणात निळे ड्रम, न्हाणीत हौद, दाराशी रांजण हे ठरलेलंच. आता या ड्रमात जरा वाकून बघा, पाण्यात वळवळ करणारे बारके किडे दिसतेत ना, ही एडिस डासाची पिल्लं. हा डास गटारात नाही, साठवलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो अन् चावतो दिवसा, शाळेच्या वेळेला. त्याची अंडी पाणी आटलं तरी ड्रमच्या कडेला चिकटून कित्येक महिने टिकतेत, म्हणून ड्रम नुसता पालथा करून भागत नाही, आतून खसाखसा घासावाच लागतो.

डेंग्यू, चिकनगुनिया दोन्ही हाच पसरवतो. २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीत माणसं सांधे धरून बसली होती ते मोठ्यांच्या अजून लक्षात आहे, पण या दोन्ही तापांत सूज लेकराच्या हृदयाच्या स्नायूलाबी येऊ शकते हे फार कमी घरांत माहिती असतं.

आपल्याकडं डेंग्यू म्हणलं की सगळे प्लेटलेटच्या (रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या) मागं, रोज आकडा किती, पपईच्या पानाचा रस दिला का. खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, बीपी पडतं, अन् त्यातच हृदय सुजलेलं असलं तर पंप कमी पडतो, मग डॉक्टरांची खरी कसरत, सलाईन कमी पडलं तर शॉक, म्हणजे अंगाला रक्त पुरत नाही, अन् जास्त झालं तर फुफ्फुसात पाणी. म्हणून ईसीजी, टूडी इको या हृदयाच्या तपासण्या सांगितल्या तर "ताप तर गेला, आता कशाला" म्हणू नका हो.

घरी काय बघायचं? नख दाबा, पांढरं होतं, सोडलं की दोन सेकंदात गुलाबी व्हायला पाहिजे. उशीर लागला, हातपाय गार पडले, धाप लागली, पोट दुखतंय, सारखी उलटी, लघवी कमी, लेकरू मलूल पडलं, तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. तापाला पॅरासिटामॉलच द्या तेबी वजनाच्या हिशोबानं, अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन बिलकुल नाही.

बहुतेक लेकरं पूर्ण बरी होतेत. बरं होताना नाडी थोडी मंद पडते, ती बहुतेकदा आपोआप सुधरते. पण हृदयाला सूज आली असं निदान झालेलं असेल तर तीन ते सहा महिने पळापळी, कबड्डी, खो-खो बंद, परत तपासून डॉक्टर हो म्हणल्यावरच मैदानात. शाळेतल्या पीटीच्या सरांनाबी हे आधीच सांगून ठेवा.