मेरी डिसूझा : वांद्रे, हेलसिंकी, मनिला

(दृश्य : सकाळचं मैदान. मागे ताणलेला एक हात, उघडा तळवा.)

हा हात बघा. मुलीची नजर पुढे आहे. ही रिले शर्यत : चौघी एकीमागून एक धावतात, एकच बॅटन पुढे देत. मागून हाक आली की हात मागे जाणार आणि ती बॅटन तळव्यावर आपटणार. पोकळ नळी, लांबी फूटभर, वजन मुठीत जाणवेल न जाणवेल एवढंच. पण ती ठरलेल्या जागेबाहेर दिली गेली, तर चौघींची धाव बाद.

आज ही देवघेव करायला 30 मीटर मिळतात. 1954 साली, मेरी डिसूझा मनिलाला धावली तेव्हा, 20 मिळायचे. पुढचीनं निघायचं तेही त्या 20 मीटरच्या आतूनच. म्हणजे मागची सुसाट येतेय, आणि पुढची नुकती कुठे पाय उचलतेय. लवकर निघाली तर मागची पोहोचत नाही, उशिरा निघाली तर अंगावर येते. सिंथेटिक ट्रॅक तेव्हा कुठेच नव्हता. महिनोन्‌महिने तोच एक क्षण घोटायचा, पावलं मोजून.

(दृश्य : वांद्र्याच्या गल्ल्या. जुनी घरं, लाकडी जिने, नाक्यावरचा क्रूस.)

मेरी डिसूझा याच वांद्र्याची. जन्म 1931 चा. हॉकीची स्टिक आणि धावणं, दोन्ही तिचंच. मार्च 1951, दिल्ली, पहिलं एशियाड, म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा. 100 मीटरमध्ये रोशन मिस्त्रीला रौप्य, 200 मीटरमध्ये मेरीला कांस्य. आणि रिलेत जपानच्या पाठोपाठ दुसरा नंबर.

पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक. निवड झाली, पण जायला पैसे कुठून आणायचे? मग वांद्र्यातली माणसं उठली. मित्रमंडळींनी नाचाची संध्याकाळ ठेवली, व्हिस्टचे डाव मांडले. पत्ते पिसले गेले, बँड वाजला आणि विशीतल्या एका मुलीच्या प्रवासासाठी पैसे जमू लागले. देशाचं नाव छातीवर लावून धावायला निघालेल्या मुलीसाठी हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी केलं. या गल्लीतून चालताना आम्हाला तेच पुन्हापुन्हा आठवत होतं.

हेलसिंकीला भारताच्या चार मुली होत्या : धावायला मेरी आणि नीलिमा घोष, पोहायला डॉली नाझीर आणि आरती साहा. स्वतंत्र भारताकडून ऑलिंपिकला गेलेल्या या पहिल्या मुली. मेरी 100 आणि 200 मीटर धावली. पहिल्या फेरीपुढे जाता आलं नाही. 1953 मध्ये ती हॉकी संघातून इंग्लंडला, फोकस्टनला खेळून आली.

(दृश्य : मैदानावर चार मुली, चार खुणांवर. पहिली गुडघा टेकते.)

मे 1954, मनिला, दुसरं एशियाड. चार गुणिले शंभर मीटर रिले. क्रिस्टीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स, मेरी डिसूझा. तीनदा बॅटन बदलायची, तीनदा तोच उघडा तळवा. तिन्ही वेळा ती नीट पोहोचली.

49.5 सेकंद. जपान मागे. एशियाडमधलं भारतीय महिलांचं पहिलं सुवर्ण.

(आवाज बंद. फक्त पावलं आणि श्वास.)

यातली स्टेफी पुढे 1964 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये 400 मीटर धावली. मेरी लग्नानंतर मेरी डिसूझा सिक्वेरा झाली, अमेरिकेत स्थायिक झाली. भारत सरकारनं तिला ध्यानचंद पुरस्कार दिला 2013 मध्ये, मनिलानंतर 59 वर्षांनी.