मनाची खांदशेकणी

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलीतलं बोलणं तसंच ठेवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)

मायबहिणींनो, आणि मागं ओट्यावर बसलेल्या दादा-काकांनो,

दिवसभर निंदण करून आलात, पाठी भरून आल्या असतील, म्हणून लांबण लावत नाही. पोळा आठ दिवसांवर आला आहे, तर तिथूनच सुरुवात करते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? बैल नाल्यावर नेऊन धुतो. संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-तुपानं शेकतो. त्यांच्या कानाशी म्हणतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ जिथं वर्षभर जू बसलं, जिथं चामडं घट्ट झालं, नेमक्या त्या जागेवर हात फिरवतो. माझे वडील खांदा शेकायचे तेव्हा कंदील धरायचं काम माझ्याकडे असायचं. तुपाचा वास, बैलाचा गरम श्वास, आणि वडिलांचं हळू आवाजातलं ‘हो राजा, झालं, झालं.’ एरवी वडील फारसं बोलत नसत. त्या वेळी बैलाला त्यांनी ‘अमक्या दिवशी तास वाकडं नेलं होतंस’ असं सुनावल्याचं मला आठवत नाही.

आता मला सांगा, तुमच्या खांद्यावरही जू आहे. त्या खांद्याशी तुम्ही काय बोलता?

मागच्या वेळी आले तेव्हा या गटातल्या बायकांना मी एक काम दिलं होतं. बटव्यात मूठभर तूर घ्या. सकाळी उठल्यापासून दुपारच्या भाकरीपर्यंत, स्वतःला मनात जेवढ्या वेळा बोल लावाल, तेवढे दाणे पदराच्या टोकाला बांधा. दूध उतू गेलं, ‘लक्ष कुठं असते माह्यं’, एक दाणा. पोरगी शाळेत डबा विसरली, ‘मी कसली माय’, एक दाणा. धुऱ्यावर बसून पदर सोडले तर एका ताईचे तेवीस दाणे निघाले. ती आधी हसली, मग दाण्यांकडे बघत गप्प झाली. म्हणाली, ‘बाई, माह्या सासूनंही मले एका दिवसात इतकं कधी म्हटलं नाही.’

असं बोलणं आपल्याला ऐकूच येत नाही. ॲरन बेक नावाचे अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ होते. 1960 च्या दशकात त्यांनी अशा विचारांना नाव दिलं, आपोआप येणारे विचार. म्हणजे आपण ते मुद्दाम करत नाही. ते येतात, आणि आपण ते खरे धरून चालतो. म्हणून आधी दाणे मोजायचे. स्वतःला धीर देणारी वाक्यं नंतर.

वाक्यांची गोष्ट जुनी आहे. फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचे औषधविक्रेते होते, जन्म 1857 चा. ते लोकांना सांगत, सकाळी उठताना आणि रात्री निजताना वीस वेळा म्हणा, ‘दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक चांगला होत आहे.’ मोजायला वीस गाठींची दोरी घ्यायची, आपल्या जपमाळेसारखी. आज मोबाईलवर रोज सकाळी जी वाक्यं येतात, ‘मी यशस्वी आहे, मी समर्थ आहे’, ती त्याच घराण्यातली.

पण सगळ्यांना ती लागू पडत नाहीत. 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. घंटा वाजली की स्वतःशी म्हणायचं, ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे.’ ज्यांना स्वतःबद्दल आधीच बरं वाटत होतं त्यांना थोडं आणखी बरं वाटलं. ज्यांच्या मनात स्वतःची किंमत कमी होती, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. आपली म्हण आहे ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रिकाम्या आडात पोहरा सोडला की खडखडाट तेवढा ऐकू येतो. ज्या बाईच्या मनात ‘मी कुचकामी’ बसलं आहे, तिनं ‘मी महान’ म्हटलं की आतून लगेच उत्तर येतं, ‘चल, खोटं नको बोलू.’

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. वाक्य असं निवडा की आतून कुणी त्याला खोटं म्हणू शकणार नाही.

माझंच सांगते. माझे मालक गेले त्या वर्षी शेती माझ्या अंगावर आली. मृगाचा एक जोरदार पाऊस झाला आणि मी घाईनं पेरलं. मग अठरा दिवस उघाड. सरकी जमिनीतच करपली. दुबार पेरणी करावी लागली, त्यासाठी अंगावरचं डोरलं गहाण टाकलं. रात्री खाटेवर पडले की एकच वाक्य फिरायचं, ‘त्यानं उभं केलेलं घर तू बुडवलं.’ त्याच आठवड्यात शेजारची वहिनी माझ्यापाशी येऊन रडली. तिनंही त्याच पावसावर पेरलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, ‘अगं, पावसानं दगा दिला, तुझं काय चुकलं? सारा शिवार तसाच पेरला.’ ती गेली, मी दार लावलं, आणि त्या दाराशीच मला कळलं की हेच बोलणं मी स्वतःला एकदाही दिलेलं नव्हतं. पाऊस तोच, चूक तीच, पेरणी एकाच दिवशीची. तिला एक न्याय आणि मला दुसरा.

पुढं वाचनात आलं की अमेरिकेतल्या क्रिस्टिन नेफ नावाच्या अभ्यासक 2003 पासून हेच मांडत आहेत. दुःखाच्या वेळी स्वतःशी मायेनं वागणं, असं सगळ्यांच्याच वाट्याला येतं हे ओळखणं, आणि जे झालं ते आहे तेवढंच पाहणं, वाढवून नाही की लपवूनही नाही. मला त्यातलं दुसरं फार मोलाचं वाटतं. ‘सारा शिवार तसाच पेरला.’ आपण दुःखात एकटे पडतो ते तिथंच, जेव्हा वाटतं की फक्त माझ्याच वावरात उगवलं नाही.

त्या रात्री मी वाक्य बनवलं. ‘पाऊस तुझ्या हातात नव्हता. बियाणं तू पुन्हा आणलंस.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आतून कुणी काही बोललं नाही.

त्यात मी स्वतःला ‘तू’ म्हटलं, हे लक्षात घ्या. तेव्हा मला त्याचं कारण माहीत नव्हतं. 2014 साली ईथन क्रॉस नावाचे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लोकांसमोर बोलण्याच्या ताणात जे स्वतःला ‘मी’ न म्हणता नावानं किंवा ‘तू’ म्हणून बोलतात, त्यांची घालमेल कमी होते. आपण थोडं बाजूला उभं राहून, दुसऱ्याला सांगावं तसं सांगतो. पण मायहो, हे आपल्याकडे फार आधीपासून आहे. समर्थांचे मनाचे श्लोक 205 आहेत, आणि मनाला तिथं पहिलीच हाक काय? ‘सज्जना’. मन सुधारायचं आहे, चुकतं आहे, भटकतं आहे, तरी हाक सज्जना. शाळेत आपण ते घोकले, पण कसं हाकारलं आहे तिकडे माझं तरी कधी लक्ष गेलं नव्हतं.

आता मागं बसलेल्या दादांसाठी. वाक्य म्हणून भाव वाढत नाही, कर्ज फिटत नाही. असं सांगायला कुणी आलं तर त्याला वाटेला लावा. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरली, तेव्हा ती अळी, बोंडअळीपासून वाचवायलाच बनवलेल्या बीटी बियाण्यालाही दाद देत नव्हती. तरी कितीतरी घरांत कर्ता माणूस म्हणत होता, ‘माह्यंच चुकलं.’ जे सरकारकडे, बाजाराकडे, बियाणं विकणाऱ्याकडे मागायचं ते मागितलंच पाहिजे, आणि जो माणूस रात्रभर स्वतःलाच कोसतो त्याच्या अंगात सकाळी तहसीलवर जायचंही त्राण उरत नाही. निंदण करताना आपण तण उपटतो. स्वतःची निंदा करताना पीकही उपटलं जाते.

आणि आतला आवाज ‘मी नसलो तर बरं’ असं म्हणत असेल, तर तिथं वाक्यं पुरत नाहीत. घरातल्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरकडे जा. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, नंबर 14416, फुकट, रात्री-बेरात्री केव्हाही, मराठीत बोलता येते. आशाताई, हा नंबर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

रोजचं कसं जमवायचं? एखाद्या ठरलेल्या कामाला वाक्य बांधून टाका. लंडनमध्ये एका अभ्यासात लोकांना नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या अंदाजानं 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला हिशेबानं 254. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. तेव्हा चुकला तर त्याचाही दाणा बांधू नका.

(इथं पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या. ‘बाई, मले लिवता-वाचता येत नाही. मी कसं करू?’)

आजी, लिहायचं काहीच नाही. सकाळी उठून पहिलं काम काय करता?

(‘आंगणात सडा टाकतो.’)

मग सडा टाकता टाकता म्हणायचं. तुमच्या लेकीला तुम्ही जसं म्हणाल, त्याच बोलीत. लेक माहेरी आली, दारात उभी आहे, तोंड उतरलेलं आहे. काय म्हणाल तिला?

(आजी थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘थकली असशील माय. बस जराशी.’)

तेच, आजी. उद्या सकाळी तेच, स्वतःचं नाव घेऊन.