पांढऱ्या कोंबड्या आणि चॉकलेटवाला काका

नमस्कार श्रोतेहो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपला मिळालेली मदत म्हटलं की मार्शल योजना आठवते. चार वर्षं, सुमारे 13 अब्ज डॉलर, शाळेत घोकलेलं असतंच. आज मी बोलणार आहे ते बर्लिनबद्दल.

जून 1948. युद्धात हरलेली जर्मनी विजेत्यांनी वाटून घेतली होती. बर्लिन रशियाच्या वाट्याच्या भागात आत होतं, पण त्याचा पश्चिम भाग अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सकडे होता. पश्चिमेच्या ताब्यातल्या जर्मनीत नवं चलन आलं आणि रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे सगळं अडवलं. आत वीस लाखांवर माणसं. मग अमेरिका आणि ब्रिटननं विमानांनी सामान आणायला सुरुवात केली. पीठ, दूध पावडर आणि सगळ्यात जास्त कोळसा. हो, कोळसा, विमानातून! बटाटेसुद्धा वाळवलेले, कारण पाण्याचं वजन कोण वाहणार? आपल्या आज्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. हल्ली मात्र कुरडयाही आपण पाकिटातल्या आणतो आणि गच्चीवर नुसतं ऊन पडून असतं. असो.

तर गेल हॅल्वरसन नावाचा तरुण वैमानिक. युटाच्या शेतकऱ्याचा मुलगा. बर्लिनच्या टेम्पेलहोफ विमानतळाच्या कुंपणाशी तीसेक मुलं उभी होती. गप्पा झाल्या, पण एकानंही काही मागितलं नाही. एकानंही नाही! खिशात च्युइंगमच्या दोनच पट्ट्या होत्या, त्यानं मोडून दिल्या. ज्यांना मिळालं नाही त्यांनी वरचा कागद फाडून वाटून घेतला आणि नुसता हुंगला.

तो म्हणाला, उद्या विमानातून टाकतो. पण विमान ओळखायचं कसं? पंख हलवीन, म्हणाला. आपल्या वाट्याचं चॉकलेट, सोबत्यांच्या वाट्याचंही, हातरुमालांच्या छत्र्यांना बांधलं आणि सोडलं खाली. परवानगी विचारलीच नव्हती. वर्तमानपत्रात छापून आल्यावर साहेबानं झापलं, पण सेनापतीनं चालू ठेवायला सांगितलं. मग अमेरिकेतून रुमाल आणि गोळ्या येऊ लागल्या.

आता माझा लाडका भाग. एका छोट्या मुलीनं पत्र धाडलं. चॉकलेटवाल्या काका, तुमच्या विमानांना आमच्या कोंबड्या घार समजतात, अंडी देत नाहीत. पण पांढऱ्या कोंबड्या दिसल्या की तिथेच टाका, घाबरल्या तरी चालेल! आता वरून कोंबड्या शोधायच्या कशा? त्याला काही त्या सापडल्या नाहीत. शेवटी त्यानं खाऊ टपालानं पाठवला.

वेढा 12 मे 1949 ला उठला. विमानं मात्र सप्टेंबरपर्यंत येतच राहिली, कारण पुन्हा वेढा पडला तर म्हणून साठा करून ठेवायचा होता.