शहर 1 जुलैचं, कायदा 30 जूनचा

कॅलिफोर्नियात नवं शहर स्थापायचं म्हटलं की लोक आधी नकाशा उघडतात. उघडायला हवी काउंटीची, म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाची, जमाखर्चाची वही. शहरांच्या हद्दीबाहेरच्या वस्तीचे रस्ते, पोलीस, बांधकाम परवाने काउंटी सांभाळते. वस्ती शहर झाली की हा बोजा उतरतो, पण तिथला विक्रीकर आणि मालमत्ता कराचा काही वाटाही जातो.

आपल्याकडे नगरपंचायत शासनाच्या अधिसूचनेनं होते. तिथे सहसा परिसरातल्या 25 टक्के मतदारांच्या सह्या गोळा करून अर्ज करतात. तो जातो लॅफकोकडे; 1963च्या कायद्यापासून काउंटी-काउंटीत असलेला हा हद्द-आयोग. तो आर्थिक अहवाल करून घेतो, हद्द कमी-जास्त करतो, अटी घालतो. मगच मतदान, साधं बहुमत पुरतं.

खरी ओढाताण 1992च्या दुरुस्तीपासून आहे. काउंटीचं जाणारं उत्पन्न आणि टळणारा खर्च जवळपास सारखा असला पाहिजे. नसेल तर नव्या शहरानं भरपाई द्यायची. 2002मध्ये झालेल्या गोलेटाचा करार बघा: मालमत्ता कराचा निम्मा आणि विक्रीकराचा 30 टक्के वाटा सांता बार्बरा काउंटीला, कायमचा! मुदत न घालता असली सही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारखेतही हिशेब असतो. शहर झालं तरी चालू आर्थिक वर्ष संपेपर्यंत काउंटीनं सेवा द्यायच्या असतात. वर्ष 1 जुलैला सुरू होतं, म्हणून त्याच दिवशी शहर झालं की तयारीला बारा महिने मिळतात. मात्र काउंटी त्या खर्चाची परतफेड मागू शकते, हे विसरलं की दुसऱ्या वर्षाचं अंदाजपत्रक कोसळतं.

रिव्हरसाइड काउंटीतल्या हुरूपा व्हॅलीनं मार्च 2011मध्ये कौल दिला आणि 1 जुलैला शहर झालं. आदल्याच दिवशी, 30 जूनला, राज्यपालांनी एसबी 89 या विधेयकावर सही केली होती. त्याची पार्श्वभूमी अशी: 2004मध्ये राज्यानं वाहन परवाना शुल्क घटवलं, तेव्हा असलेल्या शहरांना बदल्यात मालमत्ता कर मिळाला. नंतरच्या शहरांना नाही. त्यांच्यासाठी 2006मध्ये शुल्कातला वेगळा वाटा ठेवला होता. एसबी 89नं तोच काढून पोलिसी अनुदानांकडे वळवला. हुरूपा व्हॅलीच्या सर्वसाधारण निधीचा जवळजवळ निम्मा भाग एका रात्रीत गेला. शेरिफच्या, म्हणजे पोलीससेवेसाठी काउंटीच्या पोलीसप्रमुखाशी केलेल्या, कंत्राटाचं बिल मात्र तसंच राहिलं. 2014मध्ये तर शहर विसर्जित करण्याची प्रक्रियाही सुरू झाली होती. ईस्टव्हेल, मेनिफी, वाइल्डोमार यांनाही हाच फटका बसला. 2017च्या एसबी 130नं या चौघांना पैसे पुन्हा मिळाले, पण 2004 ते 2011 या काळातल्या शहरांपुरतेच.

त्यामुळे 1 जुलै 2024ला शहर झालेलं, सान वाकीन काउंटीतलं माउंटन हाउस या सवलतीत बसत नाही. तिथे आधीपासून सेवा-जिल्हा, म्हणजे वस्तीला सेवा पुरवणारी स्थानिक संस्था, होती; तिचे विशेष कर होते. त्यांच्याच जोरावर ते उभं राहिलं.